नेल्सन बाप्टिस्ट आणि तीनशे बारा नंबर

नेल्सन बाप्टिस्ट पहिल्या भेटीत कुणालाच आवडत नाही. मलाही आवडला नव्हता. २०१२ साली मी मुलाकडे, निनादकडे, अमिरातीतल्या फुजैराला राहायला आले. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर नेल्सन एकटा राहायचा. सुनेने, आभाने, पडदे लावायला त्याची शिडी आणली होती. थोड्या वेळाने हा गृहस्थ वर आला आणि पुढ्यात एक कागद ठेवला. शिडी, ॲल्युमिनियमची, एक. दिली अमुक तारखेला. घेणाऱ्याची सही.

मी म्हटलं, शिडीच आहे ना, सोन्याची आहे का?

तो शांतपणे म्हणाला, "बाई, वस्तू हरवली की ती आपल्याकडे नव्हतीच, असं सगळ्यांना मनापासून वाटतं." आभाची सही घेतली आणि गेला.

मला तो पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणायचा. मी पुण्याच्या कॉलेजात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं हे त्याला निनादने सांगितलं होतं, आणि वसईच्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या तोंडी शिकवणाऱ्या बाईसाठी दुसरा शब्द येत नाही. इतरांनी 'आंटी' म्हटलं की मला राग येतो, त्यामुळे तेवढ्यापुरता एक मार्क मी त्याला दिला.

तो निनादच्याच तेलाच्या टर्मिनलमध्ये डॉक्युमेंट कंट्रोलर होता. हे काम काय असतं ते मला समजायला वर्ष लागलं, तुम्हाला दोन वाक्यांत सांगते. बांधकामाचं एकेक ड्रॉइंग दहादा बदलतं. बदललं की त्याला नवीन रिव्हिजन मिळते, ए, बी, सी. जुन्यावर लाल शाईत 'सुपरसीडेड' असा शिक्का बसतो, म्हणजे हा कागद बाद, याच्या जागी नवा आला. जुना कागद फाडायचा नाही. जपून ठेवायचा, पण बाहेर कुणाच्या हाती द्यायचा नाही. एवढंच काम. चोख केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि चुकलं तर भिंत चुकीच्या जागी उभी राहते.

नेल्सनच्या हातून एकदा तसं झालं होतं. भिंत नव्हे, जिना.

ही २००८ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. तेव्हा तो दुबईत एका बत्तीस मजली टॉवरच्या साइटवर होता. घाई अशी, की शाई वाळायच्या आत काँक्रीट ओतायचं. एकोणिसाव्या मजल्याच्या जिन्याचं नवं ड्रॉइंग सहीसाठी अडकलं होतं. मॅनेजरने फोनवर सांगितलं, जुनं देऊन टाक, मी बघतो, यल्ला, म्हणजे आटप लवकर. नेल्सनने जुनं दिलं. जिन्याची जागा दीड मीटर सरकली, स्लॅब फोडावा लागला. मॅनेजर म्हणाला, मी असं काही बोललोच नाही. दोष आला फोरमनवर. भिवा नावाचा साताऱ्याकडचा माणूस, हातात दिलेल्या कागदाप्रमाणे त्याने अचूक काम केलं होतं. नेल्सन वरच्या साहेबाकडे जाऊन खरं काय ते बोलला. साहेबाने एकच विचारलं, कागद कुठंय? कागद नव्हता. आठवड्याच्या आत भिवाचा व्हिसा खलास, माणूस घरी.

हे नेल्सनने मला दहा वर्षांत एकदाच सांगितलं, तेही कपातला चहा पूर्ण गार झाल्यावर. भिवा गेल्यावर त्याने स्वतःपुरता एक फॉर्म छापून घेतला. कुणी तोंडी काही सांगितलं की वाद घालायचा नाही, फॉर्म पुढे सरकवायचा. 'तोंडी सूचना, लेखी खात्री.' वर छापील नंबर, खाली सहीची जागा. लिहून द्या, लगेच करतो. निनाद म्हणतो, टर्मिनलमधल्या निम्म्या वाकड्या कल्पना त्या फॉर्मच्या पहिल्या ओळीपाशीच मेल्या.

मग मंदीत कोसळलं सगळं. २००९ च्या जानेवारीत टॉवर बाविसाव्या मजल्यावर थांबला. कंपनी बुडाली, साहेब लोक देशोदेशी पांगले. नेल्सनने बायकोला आणि मुलीला वसईला धाडलं. स्वतःही जायचं, तर हा पोर्टाकॅबिनमध्ये, साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात, जाऊन बसला. वीज तोडलेली, पगार बंद. पाच आठवडे बसून त्याने सात हजारांवर ड्रॉइंगांची यादी पुरी केली. कुठलं खरं, कुठलं बाद, कुठल्या कपाटात कुठल्या कप्प्यात. बायको, बेव्हर्ली, फोनवर म्हणाली होती, "टॉवरचा मालक पळाला, आणि तू कोणासाठी पोथी लिहितोयस?" ती मला हे सांगताना अजून चिडते.

त्याचं म्हणणं असं की टॉवर उभा आहे तर कधीतरी कुणीतरी तो पुरा करायला येणार, आणि आल्यावर त्याला खोटा कागद सापडायला नको. किल्ल्या सल्लागाराच्या ऑफिसात देऊन, पोच घेऊन, मग तो नोकरी शोधायला निघाला. फुजैराला टर्मिनलं बांधली जात होती, तिथे लागला.

२०१४ मध्ये निनादच्या देखत त्याला दुबईहून फोन आला. कुणी अनोळखी इंजिनीयर. बाविसाव्या मजल्यापासून वरची ड्रॉइंग्ज कुठे असतील? नेल्सन म्हणाला, चौथं कपाट, दुसरा कप्पा, हिरव्या पाठीच्या फाइली. आणि परत जेवायला लागला.

आता हालिना.

युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा हालिनाचा नवरा समुद्रावर होता. इथे फुजैरासमोर नांगरलेल्या जहाजांना इंधन पुरवणाऱ्या बोटीवर इंजिनीयर. २०२२ च्या जुलैमध्ये ती मुलीला घेऊन त्याच्याकडे आली आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहू लागली. वय पन्नासच्या पुढे-मागे, उंच, कधी न हसणारी. वॉचमनने तिलाही नेल्सनची शिडी दिली, आणि नेल्सन कागद घेऊन पोहोचला. बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस त्या कागदाला हसलेला आहे. हालिना हसली नाही. तिने कागद शेवटपर्यंत वाचला, शिडी उभी करून तपासली, आणि सही करण्यापूर्वी एक ओळ वाढवली: तिसऱ्या पायरीला उजवीकडे चीर, आधीपासूनची.

नेल्सन शिडी विसरून जिन्यातच उभा राहिला म्हणे.

ती ओदेसाच्या एका विद्यापीठात समुद्री शेवाळाच्या संग्रहाची प्रमुख होती. शेवाळाचा संग्रह म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा तिने आमच्याच परातीत पाणी घेऊन दाखवलं. शेवाळ पाण्यात तरंगत सोडायचं, खालून जाड कागद सरकवायचा, अलगद वर उचलायचा. शेवाळ आपली आपण पसरतं आणि स्वतःच्याच चिकाने कागदाला धरून बसतं, गोंद लागत नाही. असे चार हजारांवर कागद, सगळ्यात जुना दीडशे वर्षांपूर्वीचा, विद्यापीठाच्या तळघरात. प्रत्येकावर हाताने लिहिलेली चिठ्ठी: कोणतं शेवाळ, कुठल्या किनाऱ्यावर, कोणत्या दिवशी.

नेल्सन परातीकडे बघत म्हणाला, "म्हणजे समुद्राने स्वतः काढलेलं ड्रॉइंग."

हालिना त्या दिवशी प्रथम हसली.

तो सगळा संग्रह तिकडे दोन सहायिका सांभाळत होत्या, सहा महिने जेमतेम अर्ध्या पगारावर. त्या गेल्या असत्या तर तळघराला वाली नव्हता. त्या वर्षी युक्रेनच्या लोकांसाठी युरोप-अमेरिकेतून अनुदानं पुष्कळ निघाली होती. चित्रकारांना बोलावणारी, वादकांना राहायला जागा देणारी, प्राध्यापकांना खुर्ची देणारी. हालिनालाच एका परदेशी विद्यापीठाने दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. तिने नकार कळवला होता. मी तिला सरळ विचारलं, वेडी आहेस का? ती मोडक्या पण नेमक्या इंग्रजीत म्हणाली, "मला बोलावतात. कपाटांना कोणी बोलावत नाही."

शेवटी एक अनुदान सापडलं. युरोपातली एक संस्था, विद्यापीठांच्या संग्रहांसाठी: दोन वर्षांचे पगार, कपाटं, प्रत्येक कागदाचं स्कॅनिंग. दोन अटी होत्या. संग्रहात किमान चार हजार नमुने हवेत, आणि त्यांची पक्की यादी हवी. अर्जाचा शेवटचा दिवस ३१ जानेवारी २०२३. विद्यापीठाची जुनी यादी होती ती अर्धवट आणि तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत.

यादी म्हटल्यावर नेल्सनला विचारायची गरज पडली नाही. तो ऑक्टोबरपासून रोज ड्यूटीवरून सुटला की पाच ते सात आमच्या डायनिंग टेबलावर. स्वतःच्या पैशाने प्रिंटर आणला. तीनशे दिरहम, म्हणजे साडेसहा हजार रुपये, असं आभा मोठ्याने म्हणाली. त्याने ऐकलं नाही. ओदेसात दिवसातून काही तासच वीज असायची. तेवढ्यात त्या दोघी कपाट उघडायच्या, कागदांचे फोटो काढायच्या, वीज परत आली की पाठवायच्या. हालिना चिठ्ठ्या वाचायची, मी इंग्रजी नीट करायची, नेल्सन नंबर द्यायचा. आमची नात ईशानी वैतागून म्हणाली, "आजी, धिस इज अवर डायनिंग टेबल." चार महिने आम्ही सोफ्यावर जेवलो.

मला वाटलं होतं, चिठ्ठीवरचं नाव आणि तारीख घेतली की झालं. नेल्सनने माझं ऐकलं नाही. चिठ्ठीवरचा प्रत्येक शब्द, कोपरा दुमडला असेल तर तो, डाग असेल तर त्याचं माप, आणि प्रत्येक नंबरासमोर फोटो. मी म्हटलं, इतकं कोण वाचणार? तो म्हणाला, ज्याला लागेल तो. असला माणूस डोकं उठवतो, मी खोटं कशाला सांगू?

जानेवारीच्या मध्याला रिव्हिजन सी तयार झाली. एकूण नमुने ४,१२६. त्याने छापली, बांधली, आम्ही तिघांनी चहा घेतला.

तेवीस तारखेला ओदेसातून निरोप आला. हीटिंग बंद होतं, तळघरातला पाइप गोठून फुटला. शेवटच्या रांगेतली दोन कपाटं भिजली. नेल्सनने विचारलं, किती आणि कोणते नंबर? त्या दोघींनी मोजायला पाच दिवस घेतले. तीनशे बारा. कागद लगदा झाले होते, चिठ्ठ्यांची शाई वाहून गेली होती.

राहिले ३,८१४. चार हजारांच्या खाली.

३१ तारखेला दुपारी चार वाजता आम्ही तिघं त्याच टेबलाशी बसलो होतो. त्या संस्थेकडची वेळ आमच्यामागे तीन तास, म्हणजे हातात भरपूर अवधी होता, आणि तेच वाईट होतं. नेल्सनने दोन बाडं समोर ठेवली. एक रिव्हिजन सी, वर लाल शिक्का बसलेला. दुसरं रिव्हिजन डी. त्यात त्याने तीनशे बारा नंबर खोडले नव्हते. सगळे होते, आणि प्रत्येकासमोर लिहिलं होतं: पाण्याने खराब, २३ जानेवारी, ओळख अनिश्चित.

हालिनाने दोन्ही बाडं स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, सी पाठवू या. ती खोटी नाही. पंधरा तारखेला ती खरीच होती. त्या संस्थेचा कुणी ओदेसाच्या तळघरात मोजायला येणार नाही, आणि त्या दोन बायकांना मी वर्षभर आशेवर ठेवलं आहे.

ती म्हणाली, आणि मी तिच्या बाजूने बोलले. तिच्यापेक्षा मोठ्याने बोलले. मी म्हटलं, नेल्सन, हा काही टॉवर नाही. इथे कुणी जिन्यावरून पडणार नाही. दोन बायकांची चूल आणि दीडशे वर्षांचं काम एका बाजूला, आणि तुमचा शिक्का दुसऱ्या बाजूला. सी पाठवा.

नेल्सनने वाद घातला नाही. खिशातून दोन फॉर्म काढले, एक तिच्यासमोर ठेवला, एक माझ्यासमोर. स्वतःचं पेन मध्ये ठेवलं.

"लिहून द्या, बाई. दोघींपैकी कुणीही. बाद यादी चालू म्हणून पाठवावी, एवढंच. लगेच पाठवतो."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. हालिनाने पेन उचललं. तारीख घातली. नाव लिहिलं. पुढची ओळ रिकामी होती, आणि ती त्या ओळीकडे बघत राहिली. आयुष्यभर चिठ्ठ्या लिहिलेली बाई ती. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणी अनोळखी माणसाने लिहिलेल्या तारखेवर विश्वास ठेवून जगलेली. पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "डी."

मी माझ्या फॉर्मला हातसुद्धा लावला नव्हता. सव्वापाचला रिव्हिजन डी गेली.

मार्चमध्ये नकार आला. नमुने चार हजारांपेक्षा कमी, अर्ज या योजनेत बसत नाही. तिकडच्या दोघींपैकी एकीने दुसरं काम बघायला सुरुवात केली. मी नेल्सनशी आठ दिवस बोलले नाही. जिन्यात भेटला की तो "बाई" म्हणायचा आणि मी पिशवीत काहीतरी शोधायची.

नवव्या दिवशी तो वर आला. हातात तेच नकाराचं पत्र. म्हणाला, तुम्ही शेवटचा परिच्छेद वाचला का? मी वाचला नव्हता. नकार म्हटल्यावर पुढे वाचते कोण? तो वाचतो. त्यात लिहिलं होतं की युद्धात खराब झालेल्या संग्रहांसाठी याच संस्थेचा एक लहान आपत्कालीन निधी आहे. तुमच्या यादीत नुकसानीची नोंद दिसते. नुकसानीच्या आधीची आणि नंतरची स्थिती कागदोपत्री दाखवता आली, तर अर्ज करा.

आधीची आणि नंतरची. सी आणि डी.

मी तिथेच दारात खुर्ची ओढून बसले. आम्ही सांगितलं तसं त्याने सी चालू म्हणून पाठवली असती, तर पाइप फुटला हे सांगायचं तोंड उरलं नसतं. लाल शिक्क्याची ती बाद यादी आता पहिल्यांदा बाहेर गेली, बाद म्हणूनच, तारखेसकट.

मे महिन्यात पैसे मंजूर झाले. मूळ अनुदानाचा तिसरा हिस्सा. दोन वर्षांचा पगार नाही, एका वर्षाचा. स्कॅनिंग राहिलं ते राहिलंच. पण टिपकागद आले, दमट हवा शोषणारी दोन यंत्रं आली आणि काम शोधणारी सहायिका थांबली. हालिना उन्हाळ्यात पोलंडमार्गे तीन आठवडे ओदेसाला जाऊन आली. तिघींनी मिळून तो लगदा परातीत पुन्हा तरंगवला, नव्या कागदांवर उचलला. शेवाळ पुष्कळसं परत मिळालं, पण चिठ्ठी नाही, मग कोणतं कुठलं हे कसं कळणार? तेव्हा त्यांनी नेल्सनची रिव्हिजन सी उघडली. फोटो, दुमडलेला कोपरा, डागाचं माप. मी ज्याला 'इतकं कोण वाचणार' म्हटलं होतं, ते तीन बाया तळघरात टॉर्च धरून वाचत होत्या. तीनशे बारांपैकी दोनशे सत्तेचाळीस ओळखले गेले.

पासष्ट गेले. त्यांचे नंबर यादीत तसेच आहेत. मी नेल्सनला विचारलं, आता तरी ते काढा ना. तो म्हणाला, दिलेला नंबर परत घेता येत नाही.

त्याच ऑगस्टमध्ये तो निवृत्त होऊन वसईला गेला. इथल्या चौतीस जणांच्या मराठी मंडळाने निरोप दिला, भाषणं झाली. वेळेवर येणारा, कमी बोलणारा, असं सगळे म्हणाले. शेवाळाचं नाव कुणी काढलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. शिडी त्याने हालिनाला दिली, कागदासकट. तिसऱ्या पायरीची चीर कागदावर आहेच.

परवा मी त्याला फोन केला. बेव्हर्लीने उचलला. म्हणाली, बाई, आता चर्चच्या दफनभूमीची यादी करायला बसलाय, सगळ्या क्रॉसांना नंबर देतोय, तुम्ही तरी समजवा. मग तो आला. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, त्या दिवसाचे दोन फॉर्म कुठे आहेत? म्हणाला, फाइलमध्ये. हालिनाचा, अर्धा लिहिलेला, रद्द. तुमचा, नंबर दोनशे सहा, दिलेला, परत आलेला नाही.

मी म्हटलं, फाडून टाका तो.

"नंबर पडलाय, बाई."

तर नेल्सन, फॉर्म क्रमांक दोनशे सहा. ३१ जानेवारी २०२३ रोजी दुपारी मी तुम्हाला बाद झालेली यादी चालू म्हणून पाठवायला सांगितलं होतं, मोठ्या आवाजात. तुम्ही पाठवली नाहीत. तुमचं बरोबर होतं. लिहून दिलं आहे. खाली सही करते आणि तुमच्या वसईच्या पत्त्यावर पाठवते. पोच पाठवा.